मंत्रीसाहेब, फायर सूटच्या टेंडरमध्ये एवढी एक अट घाला

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, दरवर्षी १४ एप्रिलला १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना देतात, द्यायलाच पाहिजे. पण आज जे ड्युटीवर आहेत त्यांच्या अंगावर आपण काय चढवतोय ते पण बघा ना एकदा.

फायर सूट तीन थरांचा असतो. बाहेरच्या कापडाला पाणी-तेल धरू नये म्हणून आणि मधल्या, पाणी अडवणाऱ्या थरात बऱ्याच सूटमध्ये पीफास नावाची केमिकल्स वापरलेली असतात, आणि त्यातली काही एकदा शरीरात गेली की वर्षानुवर्षं निघत नाहीत. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने सूटची कापडं तपासली तर बाहेरच्या आणि मधल्या थरात ती आतल्या थरापेक्षा जास्त सापडली, शिवाय कापड तापलं, घासलं गेलं की प्रमाण अजून वाढतं म्हणे. आता आगीत जाऊन सूट तापणार नाही तर काय होणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचं कामच कॅन्सरकारक ठरवलं, आणि २०२३ मध्ये पीफासमधल्या पीएफओएला पण त्याच, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या, पहिल्या गटात टाकलं. सगळा दोष सूटचा नाही, धूर आहेच, पण धूर आपण टेंडर काढून विकत घेत नाही.

माझा मामेभाऊ एका नगरपालिकेच्या फायर ब्रिगेडला आहे. सूट एकच, धुवायची सोय स्टेशनला नाही, म्हणून घरी आणतो आणि वहिनी तो मोरीत भिजत घालते, काळं पाणी निघतं नुसतं, कॉलरचा डाग तर जातच नाही, आणि बाजूच्याच बादलीत पोरीचा शाळेचा ड्रेस. त्याला पीफास माहीत नाही, ऑफिसात विचारलं तर तिथेही कोणाला माहीत नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १ जानेवारी २०२७ पासून मुद्दाम पीफास घातलेले सूट विकायलाच बंदी आहे, आणि तोपर्यंत विकणाऱ्याने सूटमध्ये ते आहे का, असेल तर का, हे लेखी द्यायचं. आपण निदान ही लेखी द्यायची अट तरी टेंडरमध्ये उद्यापासून घालू शकतो, तिन्ही थरांसाठी, पैसे लागत नाहीत त्याला. नाहीतर तिकडे न खपणारा माल स्वस्त म्हणून आपल्याकडे येईल आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोली, बघून आपण घेऊन पण टाकू.

बाकी दुसरा सूट आणि स्टेशनला वॉशिंग मशीन, याला खर्च आहे, मान्य. पण मोठ्या शिड्यांच्या गाड्यांना कोट्यवधी निघतात तर याला का नाही?

आपला,
एका फायरमनचा आतेभाऊ