लटकत्या रेल्वेखालची नदी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जर्मनीतल्या वुपरटालच्या लटकत्या रेल्वेवर पानभर लेख आला, फोटोपण झकास, पण खालून वाहणारी वुपर नदी अख्ख्या लेखात एकदाच येते आणि तीही १९५० साली गाडीतून हत्तिणीने तिच्यात उडी मारली म्हणून! अहो, नदी नसती तर रेल्वे टांगायची वेळच कशाला आली असती? दरी चिंचोळी, दोन्ही काठांना घरं नि कारखाने खेटून, रूळ टाकायला जागाच नाही, मग १९०१ मध्ये नदीच्या डोक्यावरूनच गाडी नेली. सव्वातेरा किमी मार्गातले साधारण दहा किमी पाण्यावर आहेत.

आणि कारखाने तिथे आले तेही नदीमुळेच. पाणी मऊ, त्यात चुना नाही, सूत धुऊन पांढरं करायला एकदम बेस्ट, त्यामुळे १५२७ मध्येच एल्बरफेल्ड आणि बार्मेनला (ही गावं आता वुपरटालमध्येच आहेत) या धंद्याचा मक्ता मिळाला होता. पुढे रंगाचे कारखाने आले आणि पाण्याची पार वाट लागली. बार्मेनचाच फ्रिडरिश एंगेल्स, म्हणजे कार्ल मार्क्सचा साथीदार, अठरा वर्षांचा असताना, १८३९ मध्ये, एका नियतकालिकातल्या पत्रात लिहून गेलाय की ही नदी लाल दिसते ती लढाईच्या रक्ताने नाही, कापड रंगवणाऱ्यांमुळे. (पत्रं पाठवायची खोड जुनीच म्हणायची!) बायर कंपनीसुद्धा १८६३ मध्ये बार्मेनला रंग बनवायलाच सुरू झाली आणि नंतर गेली कुठे, तर लेव्हरकुसेनला, जिथे हीच नदी ऱ्हाईनला मिळते.

मला खरी गंमत वाटते ती तिच्या वाटेची. मारिएनहाइडेजवळ उगम, तिथे तिला विपर म्हणतात, तिथून ऱ्हाईनचा संगम सरळ पश्चिमेला, पन्नास किमीच्या आत. पण ही बाई विपरफ्युर्ट, ह्युकेसवागन करत उत्तरेला चढते, वुपरटालमधून पश्चिमेला जाते आणि मग झोलिंगनकडे खाली वळते, असं करत एकशे पंधराच्या आसपास किमी फिरून येते. झोलिंगनच्या चाकू-सुऱ्या जगभर गेल्या, त्यांना धार लावणारे दगड याच पाण्यावरच्या चाकांनी फिरायचे, आणि तिथेच म्युंगस्टेनचा १०७ मीटर उंच रेल्वे पूल तिला ओलांडतो, १८९७ चा.

जुलै २०२१ च्या पुरात तिने वुपरटालपासून लाइखलिंगनपर्यंत किती ठिकाणी घरात पाणी घातलं, तेव्हा नुसती रेल्वेखालची शोभा म्हणून तिच्याकडे बघू नका. पुढच्या वेळी निदान एक छोटासा नकाशा तरी छापा.

आपला,
एक नियमित वाचक