आई-बाबा, इथे सूर्य समुद्रातून उगवतो

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार, म्हणजे बाबांच्या भाषेत शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, तिसऱ्या मिनिटाला व्हिडिओ अडकतो आणि मग आईचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसत राहतं. त्यात इथे चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप सरळ चालत नाही, दर वेळी काहीतरी जुगाड. म्हणून हे ताईला मेल करतेय, ती मोठ्या अक्षरात प्रिंट काढून कुरिअर करेल, पावसात भिजलं नाही तर पोचेलच. बाबा, चष्मा पुसून घ्या, लांबणारे.

तर मागच्या आठवड्यात मी छिंगदाओला जाऊन आले. बेजिंगहून बुलेट ट्रेनने चारेक तास, शांदोंग प्रांतात, पिवळ्या समुद्राच्या काठावर, समोर पलीकडे कोरिया. नाव पिवळा पण पाणी काही पिवळं नाही हं, निदान इथे तरी नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर तिथलं, ती म्हणाली हॉटेलचे पैसे कशाला घालवतेस, चल घरी. तिच्या आईला काय हाक मारायची विचारलं तर म्हणाली 'आयी' म्हण. इथे मावशी-काकूला आयी म्हणतात, खरंच! मग काय, चार दिवस मी त्या घरात 'आयी, आयी' करत फिरत होते आणि ती बाई माझ्या ताटात वाढत होती, नको म्हटलं की जास्त वाढत होती, भाषा कळत नसूनही सगळं कळत होतं.

स्टेशनातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत समुद्र. जानछ्याओ नावाचा धक्का आहे, ४४० मीटर सरळ पाण्यात गेलेला आणि टोकाला आठ कोनांचा दुमजली मंडप. धक्का मूळचा १८९२ मधला, तेव्हा लष्कराचं सामान उतरवायला होता, आता लोक सेल्फी काढायला जातात. बाबा, मला आपली रत्नागिरीची मांडवी जेट्टी आठवली, फक्त इथे गर्दी इतकी की तुम्ही अर्ध्यातूनच परत फिरला असता. आणि हा मंडप तुम्ही बघितलाय म्हणे, म्हणजे बघितला असेल, त्सिंगताओ बिअरच्या लेबलवर तोच आहे. (आई, मी काही म्हणत नाहीये, भाऊजींच्या फ्रिजमध्ये होती एकदा.)

बिअरचं आलंच आहे तर सांगून टाकते. १९०३ मध्ये जर्मन आणि इंग्रज लोकांनी मिळून इथे ब्रुअरी काढली, आता जुन्या इमारतीत म्युझियम आहे, १८९६ सालची सीमेन्सची मोटर अजून ठेवलीय, बाबा त्या मोटरपाशी अर्धा तास उभे राहिले असते. पण खरी मजा रस्त्यावर. छोट्या छोट्या दुकानांबाहेर स्टीलचे पिंप आणि माणसं बिअर घेतायत प्लॅस्टिकच्या पिशवीत! वजनावर! आपण नाही का पूर्वी सुटं दूध आणायचो, तशी पिशवी भरून, तोंड बांधून, बोटाला अडकवून रिटायर्ड आजोबा घरी निघालेत, दुसऱ्या हातात भाजी. कोणाला त्यात काही वाटत नाही. मैत्रिणीचे वडील रोज संध्याकाळी एक पिशवी आणतात, जेवताना पितात, नऊला झोपतात. मी चव घेतली का, हे आईने विचारू नये.

जेवणाचं आईसाठी. इथे तिसऱ्या शिंपल्यांना 'गाला' म्हणतात आणि छिंगदाओचं माणूस गालाशिवाय जगू शकत नाही. सुक्या लाल मिरच्या, आलं-लसूण, मोठ्या आचेवर कढईत शिंपल्यांसकट परततात, पाच मिनिटांत ताट समोर. खोबरं नाही, कोकम नाही, तरी बोटं चाटत खाल्लं. (तुझ्या तिसऱ्यांच्या सुक्याची सर नाही, हे लिहिलं नाही तर तू रागावशील, आणि खरंच नाहीये.) मासे मात्र ताजे फार मिळाले नाहीत, कारण इथेही मासेमारी बंद! आपल्याकडे कशी जून-जुलै होड्या वर ओढून ठेवतात, तसं इथे १ मेपासून थेट सप्टेंबर उजाडेपर्यंत. बंदरावर ओळीने बोटी उभ्या, जाळी सुकत घातलेली, एक म्हातारा जाळं शिवत बसलेला, मी उगीचच पाच मिनिटं तिथे उभी राहिले. भगवती बंदराचा वास आला अगदी.

आणि बाबा, हे ऐका. सुरमईची सख्खी चुलत बहीण म्हणावी असा एक मासा इथे वसंतात येतो, बायू म्हणतात त्याला. तर छिंगदाओत पद्धत आहे की सीझनचा पहिला मोठा बायू जावयाने सासऱ्याला नेऊन द्यायचा. म्हणच आहे त्यांच्यात, बायू उडी मारतो आणि सासरा हसतो. मैत्रिणीच्या घरी फ्रीझरमध्ये जावयाने आणलेला अजून होता, आयीने त्याचं सारण भरून मोदकाच्या धाकट्या भावासारखे दिसणारे डंपलिंग केले. भाऊजींना हा परिच्छेद ताईने वाचून दाखवावा.

आता शहर. आपल्या डोक्यात चीन म्हणजे जे असतं त्यातलं इथे पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. लाल कौलं, दगडी भिंती, चढउताराचे रस्ते, मध्येच दोन मनोऱ्यांचं चर्च, मनोरे ५६ मीटर उंच. जर्मनांनी १८९७ च्या नोव्हेंबरात ही जागा बळकावली आणि पुढच्या वर्षी ९९ वर्षांच्या भाड्याने लिहून घेतली. ९९ कुठली, सतराव्या वर्षीच गेली हातातून. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि जपान्यांनी वेढा घातला, त्यांच्याबरोबर इंग्रज, आणि इंग्रजांबरोबर कोण माहितीय का बाबा? ३६वी शीख पलटण! तुम्ही दर वेळी ज्या सारागढीच्या लढाईची गोष्ट सांगता त्यातलीच. सारागढी १८९७ च्या सप्टेंबरात आणि सतरा वर्षांनी तिचीच माणसं इथे, नोव्हेंबरच्या थंडीत, कुठल्या तरी जर्मन किल्ल्यासमोर चिखलात. कुठून कुठे नेऊन लढवलं ना आपल्या लोकांना. मला हे वाचून जरा वेळ बाकी काही बघवेना.

युद्धानंतर १९१९ मध्ये व्हर्सायला ठरलं की जर्मनांचे इथले हक्क जपानला द्यायचे, म्हणजे घर चीनचं आणि भांडण भलत्यांचं. त्यावर बेजिंगचे विद्यार्थी ४ मे रोजी रस्त्यावर उतरले. त्या तारखेच्या नावाने इथे समुद्राकाठी मोठ्ठा चौक आहे आणि मध्ये ३० मीटर उंचीचं लालभडक शिल्प, 'मे महिन्याचा वारा'. मला ते एका भल्यामोठ्या भोवऱ्यासारखं वाटलं. रात्री आजूबाजूच्या सगळ्या टॉवरवर लायटिंग, लहान मुलं, पतंग, नाचणाऱ्या बायका, आपल्या गणपतीच्या शेवटच्या दिवसाएवढी गर्दी पण कचरा शून्य.

बादागुआन नावाचा जुन्या बंगल्यांचा भाग मला सगळ्यात आवडला. तिथल्या गल्ल्यांना चीनमधल्या प्रसिद्ध खिंडींची नावं दिलीत, म्हणजे समजा आपल्या आळीत कुंभार्ली घाट रस्ता, पुढचं वळण आंबा घाट रस्ता. आणि एका गल्लीला एकच जातीचं झाड, इथे गिंको, तिथे मेपल, पलीकडे पीच. दर दहा पावलांवर एक नवरी पांढरा झगा सावरत फोटो काढून घेतेय आणि नवरा घामाघूम. आई, मला माहितीय तू या वाक्यावर काय म्हणणार आहेस, म्हणू नकोस.

सगळं गोड गोड नाही हं. पहिले दोन दिवस धुकं, इतकं की समुद्र फक्त ऐकू यायचा. आणि पाण्यावर हिरव्या शेवाळाचा गालिचा. दर उन्हाळ्यात येतं म्हणे, दक्षिणेकडे च्यांग्सूच्या किनाऱ्यावर खाण्याच्या समुद्रशेवाळाची शेती करतात, त्या तराफ्यांवर हे हिरवं वाढतं आणि सुटून वाहत वर येतं. २००८ च्या ऑलिंपिकच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती इथे होत्या आणि ऐन तोंडावर हे शेवाळ भरलं, तेव्हा दहा हजारांवर माणसं लावून उपसलं होतं. आता जेसीबीच लावतात. वास म्हणाल तर बंद डब्यात विसरलेल्या पालकाचा.

तरी आजीबाई पोहतातच. आणि तोंडावर मास्क घालून, डोळे-नाक-तोंडापुरती भोकं, रंगीबेरंगी! ऊन लागू नये आणि जेलीफिश चावू नये म्हणून इथल्याच एका बाईने काढलेली आयडिया. बघून मी आधी दचकले आणि मग मला पुण्याच्या स्कूटीवाल्या मुली आठवल्या. आयीने मला एक जांभळा दिलाय, तो घालून काढलेला फोटो ताईकडे आहे, आईने रात्री बघू नये.

लाओशानला एक दिवस गेलो. समुद्रातून सरळ वर उठलेला डोंगर, शिखर ११०० मीटरच्या वर, ताओ पंथाची जुनी देवळं. ताइछिंग देऊळ अगदी पायथ्याशी, समुद्राला लागून, तेव्हा बाबांच्या गुडघ्याला चालेल. अंगणात शेकडो वर्षांची झाडं आणि इतकी शांतता की आपलेच बूट वाजतात. तिथला हिरवा चहा घेतलाय, आई म्हणेल हे गवताचं पाणी, पण घेतलाय.

हां, आणि आपला फ्रिज! हायर कंपनी छिंगदाओचीच, हे मला इथे येऊन कळलं. १९८५ मध्ये कारखान्यात ७६ फ्रिज खराब निघाले तर साहेबाने, झांग रुइमिन त्यांचं नाव, कामगारांच्या हातात घण देऊन सगळे फोडायला लावले, स्वतःही फोडले. तो घण आता बेजिंगच्या म्युझियममध्ये आहे. आपला रांजणगावच्या कारखान्यातला असेल, पण माहेर हेच.

आता मुख्य गोष्ट, जी मी इतका वेळ लांबवतेय.

शेवटच्या दिवशी पहाटे आयीने उठवलं, चार वाजता, म्हणाली आज धुकं नाही, चल. शहराच्या पूर्वेला शिलाओरेन नावाची पुळण आहे, शिलाओरेन म्हणजे दगडी म्हातारा. काठापासून थोड्या अंतरावर पाण्यात एक खडक उभा आहे, पूर्वी सतराएक मीटर होता, हनुवटीला हात लावून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायचा. पावणेपाचच्या सुमारास त्याच्यामागून सूर्य वर आला. बाबा, समुद्रातून! आपण आयुष्यभर भाट्याच्या पुळणीवर सूर्य बुडताना बघितला, समुद्र म्हणजे संध्याकाळ हेच माझ्या डोक्यात, आणि इथे तो पाण्यातून लालबुंद वर येतोय आणि मी वेड्यासारखी पश्चिम कुठली ते शोधतेय.

मग मैत्रिणीने गोष्ट सांगितली. हा म्हातारा कोळी होता, एकुलती एक मुलगी. समुद्राच्या ड्रॅगन राजाने तिला पळवून नेलं. म्हातारा रोज काठावर, मग गुडघाभर पाण्यात उभा राहून हाका मारायचा, शेवटी राजाने त्याचा दगड केला. मुलगी कळल्यावर धावत निघाली तर वाटेतच तिचाही खडक झाला. आणि २०२२ च्या ऑक्टोबरात एका वादळी रात्रीनंतर म्हाताऱ्याचा वरचा भाग कोसळला, डोकंच गेलं. फोटोतला आणि समोरचा वेगळा दिसतो. लोक तरी येतात, आयी म्हणाली आम्हाला अजून दिसतो तो.

बाबा, मला ती गोष्ट अजिबात आवडली नाही. मी तिथेच ठरवलं की तुम्हाला लिहून टाकायचं. ऑफिसने माझं इथलं काम आणखी एक वर्ष वाढवलंय आणि मी हो म्हणालेय, तीन आठवडे झाले. फोनवर चार वेळा सांगायचं ठरवलं आणि दर वेळी आई म्हणाली यंदा गणपतीला मखर तू करायचंस, की मी गप्प. मखर करायला येणार आहे, सुट्टी टाकलीय, दहा दिवस. पण दिवाळीनंतर कायमची परत येणार म्हणाले होते, ते एक वर्ष पुढे गेलं. बाबा संध्याकाळी जेट्टीवर जातात तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ बघून घरी येतात हे मला आईने सांगितलंय. तसं करू नका. पावसात तर अजिबात जाऊ नका, शेवाळ असतं तिथे.

त्यापेक्षा असं करा. बाबांचा पासपोर्ट संपलाय, माझ्या खोलीतल्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे, तो रिन्यू करायला टाका. आईचा अजून दोन वर्षं चालेल. थेट विमानं परत सुरू झालीत, व्हिसाचं आणि तिकिटांचं मी बघते. सप्टेंबर-ऑक्टोबरची हवा चांगली असते म्हणे, धुकं नाही, शेवाळ नाही, बोटी परत समुद्रात, पण १ ऑक्टोबरची सुट्टी टाळून, तेव्हा अख्खा चीन फिरायला निघतो. यंदा गणपती, पुढच्या वर्षी तुम्ही इकडे. आयीने खोली दाखवून ठेवलीय, दोन गाद्या आणि खिडकीतून समुद्राची एक बोटभर पट्टी दिसते. तिने विचारलं तुझी आई काय खाते, मी म्हटलं सगळं, पण स्वतः केलेलं, तर म्हणाली मग स्वयंपाकघर तिचं.

आई, गोळ्या जेवणानंतरच्या जेवणानंतरच घे. मागच्या पडवीच्या कौलांचं काम झालं का ते ताईला कळव. आणि रागावली असशील तर रागावून घे, पण रविवारी फोन उचल.

तुमची,
धाकटी