वही जावयाला द्यायची का?

नाशिक, रविवार दुपार

प्रिय मध्या,

दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, वहिनींच्या ऑपरेशनच्या वेळीही नुसता फोन केला. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण हे वाचून झाल्यावर. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे. झालं.

विषय आपल्या वहीचा आहे, विम्याचे एजंट म्हणून गावोगाव हिंडताना गिऱ्हाइकांची नावं लिहायचो ती. निळ्या पुठ्ठ्याची, एम-एटीच्या डिकीत राहून कोपरे गेलेली.

संकेतराव मागच्या आठवड्यात जेवायला आले होते. पुरणपोळ्या झाल्या, बडीशेप चघळत म्हणाले, "अण्णा, ती तुमची वही जरा स्कॅन करून द्या ना. कॉलिंगला टाकतो. एवढ्या लीड्स नुसत्या पडून आहेत." लीड म्हणजे ज्याला पॉलिसी विकता येईल असं नाव. आता ते पाथर्डी फाट्याजवळ एका टेलिसेल्सच्या ऑफिसात टीम लीडर आहेत. काम विम्याचंच, पण सगळं फोनवर. जावयाला तोंडावर नाही कसं म्हणणार? मी "बघतो" म्हटलं. आतून हिने पातेल्यावर डाव आपटला. तो होकार होता की नकार, विचारायची हिंमत झालेली नाही.

उगावचे दगूनाना म्हणजे लीड! त्यांच्या ओट्यावर आपण किती वेळा जेवलोय, मध्या.

तुला फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तू "हं, हं" करतोस आणि मागे टीव्ही चालू असतो. आणि वहीतली निम्मी नावं तुझ्या अक्षरात आहेत. माझ्या एकट्याने ठरवण्यासारखं हे नाही.

न बघता नावं ठेवू नयेत म्हणून एक दुपार त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. मोठा हॉल, रांगेने पोरं-पोरी, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. काय बोलायचं ते समोर स्क्रीनवर लिहिलेलं. नंबर १४० ने, म्हणजे जाहिरातीच्या फोनच्या आकड्याने सुरू होतो, त्यामुळे निम्मे लोक उचलतच नाहीत. उरलेल्यांतले बरेच "विमा" ऐकलं की कट करतात, काही शिव्याही देतात. आपल्याला दारात कुणी कधी आईवरून बोललं होतं का? फार तर "मालक घरी नाहीत" म्हणायचे, आणि मालकाच्या चपला तिथेच दिसायच्या.

पण एक पोरगी बघितली, पेठकडची. ती जीएसटीचं सांगत होती, की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या नि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर गेला, वगैरे. मधेच थांबली आणि म्हणाली, "काकू, तिसरी शिट्टी झाली, आधी कुकर बंद करा. मी दहा मिनिटांनी करते." दहा मिनिटांनी खरंच केला. बाई हसतच बोलायला लागली, मला हेडफोनच्या बाहेरही ऐकू आलं. समोर जाऊन बसल्याशिवाय घर कळत नाही असं मी म्हणायचो ना? या पोरीने ते कानाने ओळखलं. कौतुक वाटलं आणि जरा राग पण आला. का आला ते तुला कळेल.

संकेतरावांशी वादही झाला, गोडीत. ते म्हणाले, "अण्णा, आमचा प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. तुमचे लोक ओट्यावर बसून काय काय सांगायचे, त्याला पुरावा काय?" मी गप्प. डोळ्यासमोर आपला डबल-नाना आला. "पाच वर्षं भरा, डबल घ्या" असं सांगत अख्खा निफाड तालुका हिंडला, आणि सहाव्या वर्षी लोक आपल्याला विचारायला आले. तेव्हा रेकॉर्डिंग असतं तर नाना कुठे असता? आणि दुसरं त्यांचं म्हणणं असं की फोन कट तरी करता येतो, घरी आलेल्या पाहुण्याला हाकलता येत नाही. हेही खरंय. तुझ्या साडूने पॉलिसी घेतली ती काय विम्याची गरज होती म्हणून? तू तीन तास उठला नाहीस म्हणून. हप्ते भरताना प्रत्येक लग्नात तो माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायचा, जसं काही मीच गळ्यात मारली.

(सिन्नरच्या मास्तरांचं मात्र मी अजून विसरलेलो नाही. केस माझी होती. तू अर्धं कमिशन त्यांना परत देऊन ती ओढलीस. विमा कायद्याचं कलम ४१, कमिशन परत द्यायला बंदी करणारं, मी तुला तेव्हाही वाचून दाखवलं होतं. तू म्हणालास, दंड पाचशे रुपये, कमिशन त्याच्यापेक्षा जास्त. आता तोच दंड दहा लाखांपर्यंत आहे, कळलं का रे शहाण्या? बरं, जाऊ दे.)

मला खरं खटकतंय ते वेगळंच आहे, आणि ते उगावला कळलं.

दगूनानांच्या धाकट्याने फोनवरून टर्म प्लॅन घेतला, म्हणजे नुसता मृत्यूचा विमा. कंपनीचं नाव लिहीत नाही. चांगला प्लॅन आहे, स्वस्त आहे, मी स्वतः सगळे कागद बघितले. पण कागदावर लिहिलंय, तंबाखू: नाही. अरे, तो पोरगा सकाळी उठला की आधी चुना शोधतो! मी त्याला बागेत नेऊन विचारलं, असं का सांगितलंस? म्हणाला, "काका, त्या बाईंनी विचारलं तेव्हा दादा शेजारी खाटेवर बसलेले. काय सांगणार?" (दादा म्हणजे आपले दगूनानाच.)

आता फोनवरच्या बाईला खाट कुठून दिसणार? तिने सरळ विचारलं, त्याने सरळ उत्तर दिलं, रेकॉर्डिंगही अगदी स्वच्छ असेल. तिची काही चूक नाही. पण पहिल्या तीन वर्षांत काही बरंवाईट झालं, तर तेच स्वच्छ रेकॉर्डिंग कंपनी काढून दाखवेल की यांनी माहिती लपवली. आणि पोराच्या बायकोच्या हातात काय उरणार?

आणि मला तुझी पुडी आठवली. आयुष्यात कधी तंबाखू खाल्ली नाहीस, पण खिशात पुडी आणि चुन्याची डबी कायम. फॉर्म भरायच्या आधी गिऱ्हाइकाला बागेच्या कडेला न्यायचास आणि विचारायचास, "मळू का?" त्याने हात पुढे केला की परत येऊन मला हळूच सांगायचास, "लिही, होय." एक्स्ट्रा प्रीमियम लागला की लोक दोन-दोन वर्षं आपल्या नावाने बोटं मोडायचे. पण पालखेडच्या अण्णांचा क्लेम आला तेव्हा एकही प्रश्न निघाला नाही. हे कुठल्या स्क्रीनवर लिहून ठेवणार?

पोराला सांगितलं की पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किंवा कंपनीला लिहून कळव की तंबाखू खातो. प्रीमियम वाढेल, वाढू दे. दादांना मी सांभाळतो. दादांना सांभाळायला गेलो तर ते म्हणाले, "मला माहितीये, माझ्याच पुडीतली चोरतो."

दुसरी गंमत हप्त्याची. त्याला महिन्याचा हप्ता लावून दिलाय, बँकेतून आपोआप कापायचा. द्राक्षवाल्याला महिन्याचा पगार असतो का? माल जानेवारी ते एप्रिलमध्ये जातो, व्यापारी पळाला नाही तर पैसे हातात पडतात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिपिंगला, औषधाला नुसते जातच राहतात. ऑगस्टमध्ये खात्यात काय असणार? हप्ता उशिरा भरायची सवलत महिन्याच्या हप्त्याला १५ दिवसांची, वर्षाच्या हप्त्याला ३०. तेवढ्यात हप्ता भरला नाही की पॉलिसी बंद. म्हणून तर तू वहीत सगळीकडे "मार्च, वार्षिक" लिहून ठेवायचास.

आता वहीवर येतो. काल रात्री ती उघडून बसलो. नुसते नंबर असते तर देऊन टाकले असते. पण तुझ्या अक्षरात काय काय आहे बघ: "सुनेशी बोलावे, सासऱ्याशी नको." "थोरला पितो, आईसमोर विषय नको." "मुलीच्या लग्नाचे कर्ज, दोन वर्षे विचारू नये." खेडगावच्या एका पानावर तर नुसतं "रडल्या" एवढंच. कुणी ते आपल्याला विम्यासाठी सांगितलं नव्हतं, चहा पिता पिता सांगितलं होतं. हे सगळं संकेतरावांच्या एक्सेल शीटमध्ये "रिमार्क्स" नावाच्या रकान्यात जाणार, आणि ती पेठची पोरगी ते वाचून फोन करणार? पोरगी गुणी आहे, पण उद्या तिच्या खुर्चीवर कोण असेल?

पण रिमार्क्स काढून नुसते नंबर दिले, तर १४० वरून येणाऱ्या फोनला लोक काय उत्तर देतील हे मी त्या दुपारी ऐकलंय. वरून "दिलीपकाकांनी नंबर दिला" असंही सांगतील.

दुसऱ्या बाजूने प्राजक्ताचं घर आहे. फ्लॅटचा हप्ता संकेतरावांच्या इन्सेंटिव्हवर चालतो, आणि त्यांचं टार्गेट कसं असतं ते मी भिंतीवरच्या बोर्डावर बघून आलोय. माझंही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मधेच मोडण्याचे, नियम बदलले, त्यानंतर पहिल्या वर्षाच्या कमिशनला कात्री लागली. या गुडघ्यावर सुरगाण्यापर्यंत जाऊन "मालक घरी नाहीत" ऐकायचं, तर पेट्रोलही सुटत नाही. तेव्हा फोन वाईट असं मी म्हणणार नाही. मीही आता रिन्यूअलचे फोन घरातूनच करतो.

मी असं ठरवतोय: वही देणार नाही. ज्या घरी अजून जाणं-येणं आहे, तिथे जाऊन विचारणार, "आमचे जावई फोन करतील, चालेल का?" हो म्हणाले तर नंबर नि त्यांना कुठल्या वेळी फोन चालतो एवढंच देणार. आणि हप्ता मार्चमध्येच लावा, हे संकेतरावांना आधी बजावणार. ते तोंड वाकडं करतील, करू देत. पुढच्या वेळी श्रीखंड करू.

तुझ्या अक्षरातल्या नावांची यादी वेगळ्या कागदावर काढून सोबत पाठवतोय. कुणाकडे मी जाऊ आणि कुणाकडे अजिबात जायचं नाही, तिथे खूण कर. खेडगावच्या त्या पानाचं तूच ठरव, मला तिथलं काही माहीत नाही आणि विचारतही नाही.

वहिनींचे टाके निघाले का? जिना चढायला लागल्या का? चिन्मयला जर्मनीला खरंच जायचंय की तुझंच डोकं? पुण्यातला तो जागेचा वाद मिटला असेल तर बरं. नसेल मिटला तर सविस्तर लिही, मला वकील माहीत आहे. तोही आपलाच पॉलिसीहोल्डर.

यादी लवकर परत पाठव. येत्या रविवारी प्राजक्ता आणि संकेतराव पुन्हा येणार आहेत.

तुझा,
दिल्या

ता.क. सिन्नरचे मास्तर परवा रविवार कारंजावर भेटले. तुझी चौकशी केली, माझी नाही.