चोडणचे खाजन बांध पावसाळ्यापूर्वी दुरुस्त व्हावेत

महोदय,

रायबंदरच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट काही मिनिटांत चोडणला लागते. राजधानी पणजीच्या इतक्या जवळ असूनही या बेटावर भातशेती टिकून आहे, ती भरतीचे खारे पाणी अडवणाऱ्या खाजन बांधांमुळे. तरीही चोडणचा विषय निघतो तो फेरीवरच्या गर्दीपुरता किंवा १९८८ साली घोषित झालेल्या सलीम अली पक्षी अभयारण्यापुरता, याचे वाईट वाटते.

भरतीच्या पातळीखालच्या या शेतांचे सगळे भवितव्य मानशीवर, म्हणजे पाण्याची ये-जा राखणाऱ्या बांधातल्या दारावर, अवलंबून असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने मानशीचे लाकडी दार मिटते आणि ओहोटीला शेतातले पाणी ते बाहेर जाऊ देते. या दाराला बोटभर फट राहिली किंवा बांधातली खेकड्यांची बिळे वेळीच बुजवली नाहीत, तर खारे पाणी आत शिरते. मग कोरगुटसारखे खारेपण सोसणारे भातही हाती लागत नाही, आणि जमिनीत मुरलेले मीठ एका पावसाळ्यात धुऊन निघेलच असे नाही. शेत पडीक राहिले की तिथे खारफुटी वाढते आणि कायद्याने तिला हात लावता येत नाही. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मारा झेलून बांधच राखते, तेव्हा तिच्याविषयी माझी तक्रार नाही. बांधाच्या आतली खारफुटी मात्र शेत हातचे गेल्याची खूण आहे.

पूर्वी बांधांची निगा गावकारी, म्हणजे गावची सामुदायिक संस्था, राखत असे. १९७५ च्या नियमांनी ती कुळांची संयुक्त जबाबदारी ठरवली आणि पुढच्याच वर्षी कूळ कायद्यातील दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी दिली, हे योग्यच झाले. परंतु घरातली तरुण मुले नोकरीसाठी पणजीला जाऊ लागल्यावर कुळ संघटनेच्या सभेला येणार कोण? शिवाय मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव) होते, तेव्हा अधिक मासळीसाठी अधिक पाणी आत घेण्याचा मोह असलेल्याच्याच हाती दाराचा ताबा जातो. माझ्या मते दुखण्याचे मूळ इथेच आहे.

मानशीच्या दाराची उघडझाप शेतकऱ्यांच्याच हाती राहील, अशी अट पावणीत असावी, तिच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा बांधांसाठी राखून ठेवावा आणि मामलेदार व कृषी खात्याने मे महिन्यापूर्वी कुळांसोबत प्रत्येक बांधाची पाहणी करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, तिसवाडी