बाबांच्या प्रश्नाचे उत्तर : पेस्कारोलोंचा संघ

ले मान्स, फ्रान्स

तीर्थरूप बाबांना व आईला शिरसाष्टांग नमस्कार,

मी येथे खुशाल आहे. प्रयोगशाळेतील काम नीट चालले आहे आणि थंडी आता सोसण्याइतकी झाली आहे. बाबा, मागे फोनवर तुम्ही विचारले होते की, चोवीस तासांच्या या शर्यतीत मोठमोठ्या कंपन्या पाण्यासारखा पैसा ओतत असताना एखादा खासगी संघ कशाच्या जोरावर उतरतो, आणि तो जिंकणार नाही हे दिसत असूनही या गावातील माणसे त्याचे नाव एवढ्या मायेने का घेतात. फोनवर मला धड सांगता आले नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. उत्तर द्यायचे तर एका संघाची हकीगत सांगावी लागेल. त्या संघाचे नाव पेस्कारोलो स्पोर्ट.

आँरी पेस्कारोलो यांचा जन्म १९४२ चा. ते शर्यतीचे चालक होते आणि ले मान्सच्या शर्यतीत ते एकूण ३३ वेळा उतरले; हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. त्यांपैकी चार वेळा ते जिंकले. १९७२ मध्ये ग्रॅहम हिल यांच्यासोबत आणि १९७३ व १९७४ मध्ये जेरार लारूस यांच्यासोबत फ्रान्सच्या मात्रा कंपनीच्या गाडीतून, तर १९८४ मध्ये क्लाउस लुडविग यांच्यासोबत पोर्शेमधून. परंतु येथील जुन्या माणसांना विजयांपेक्षा १९६८ ची रात्र अधिक आठवते. त्या वर्षी मे महिन्यातील देशव्यापी संपामुळे शर्यत जूनऐवजी सप्टेंबरच्या अखेरीस झाली. रात्री पाऊस लागला आणि त्यांच्या मात्रा गाडीचा वायपर बंद पडला. जोडीदार चालकाने अशा स्थितीत गाडी चालवण्यास नकार दिला, तेव्हा पेस्कारोलोंना झोपेतून उठवण्यात आले. वायपर नसलेली ती गाडी त्यांनी भर पावसात, अंधारात, तासन्‌तास चालवली आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणली. शर्यत संपायला काही तास उरले असताना टायर गेला, पाठोपाठ आग लागली आणि सारे तेथेच संपले. पुढच्याच वर्षी याच गावात, उनोदिएरच्या लांब सरळ रस्त्यावर चाचणी सुरू असताना त्यांची गाडी हवेत उडाली आणि ते गंभीर भाजले. चेहऱ्यावरचे व्रण झाकण्यासाठी त्यांनी दाढी वाढवली. ती दाढी आणि हिरवे हेल्मेट हीच पुढे त्यांची ओळख झाली.

हा उनोदिएरचा रस्ता एरवी तूरकडे जाणारा साधा सार्वजनिक मार्ग आहे. वर्षभर त्यावरून मालमोटारी आणि शाळेच्या बस धावतात आणि जूनमध्ये तो शर्यतीसाठी बंद केला जातो. एक फेरी साडेतेरा किलोमीटरांहून थोडी अधिक भरते. आमच्या विद्यापीठापासून निघणारी ट्रॅम ज्या आंतारेस थांब्यावर संपते, तेथून शर्यतीचे मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पेस्कारोलोंचा कारखानाही त्या मैदानाला लागूनच होता.

चालक म्हणून निवृत्त झाल्यावर २००० मध्ये त्यांनी आपल्या नावाचा संघ उतरवला. गाडीचा सांगाडा याच गावातील इव्ह कुराज यांच्या कारखान्याचा आणि इंजिन प्यूजो या फ्रेंच मोटार कंपनीचे होते. पहिल्याच वर्षी संघ चौथा आला. पुढे कुराजच्या सी६० या गाडीत त्यांच्या माणसांनी इतके फेरफार केले की ती जवळजवळ त्यांचीच गाडी झाली. २००४ पासून तिच्यात जड कंपनीचे पाच लिटरचे दहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन बसवण्यात आले. जड हा इंग्लंडमधील रग्बी गावचा छोटा कारखाना आहे. म्हणजे सांगाडा एकाकडून घेतला, इंजिन दुसऱ्याकडून घेतले, आणि त्या दोघांचे जमवून देण्याची सगळी अक्कल मात्र स्वतःची लावली. बाबा, आगाराच्या कार्यशाळेत तुम्ही आयुष्यभर हेच केले आहे, त्यामुळे त्यातले कष्ट मी तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही.

२००५ ची शर्यत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या वर्षी नियम बदलत होते. जुन्या नियमांनुसार बांधलेल्या आउडी आर८ गाड्यांना इंजिनात जाणारी हवा कमी करण्याची आणि वजन वाढवण्याची सक्ती होती. पेस्कारोलोंच्या गाड्या नव्या नियमांकडे झुकलेल्या होत्या आणि सर्वांत वेगवान होत्या. सर्वांत पुढच्या जागेवरून निघण्याचा मान त्यांनाच मिळाला. इमॅन्युएल कोलार, जाँ-ख्रिस्तोफ बुलियाँ आणि एरिक कोमा हे तिघे १६ क्रमांकाची गाडी चालवत होते. शर्यतीच्या आरंभीच्या टप्प्यात गिअरबॉक्सच्या दुखण्याने वेळ खाल्ला आणि मग उरलेला सारा काळ तो वेळ भरून काढण्यात गेला. शेवटी ‘चॅम्पियन’ नावाच्या अमेरिकी संघाच्या आउडीच्या ३७० फेऱ्या झाल्या आणि यांच्या ३६८. दोन फेऱ्या म्हणजे साधारण साडेसात मिनिटे. चोवीस तासांत साडेसात मिनिटे!

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून या साडेसात मिनिटांचे मोल कळणार नाही. या शर्यतीत गाडी रस्त्यात बंद पडली, तर तिला हात लावण्याचा अधिकार फक्त आत बसलेल्या चालकाला असतो. मेकॅनिक धावत जाऊन मदत करू शकत नाही. कशीबशी रखडत गाडी पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या थांब्यावर आणली, तरच त्याचे हात तिला लागतात. त्या काळी इंधन भरताना इंजिन बंद ठेवावे लागे आणि इंधनाची नळी निघेपर्यंत चाकांना हात लावता येत नसे. त्यामुळे थांबण्याचा प्रत्येक क्षण मोजून खर्च होई. एका चालकाला सहा तासांत चार तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही. मेकॅनिकसाठी मात्र असे बंधन नसते. रात्री तीन वाजता, वीस-बावीस तास जागलेल्या माणसाने तापलेल्या गिअरबॉक्सचे झाकण उघडायचे, आत चुकीचा हात जाऊ द्यायचा नाही, आणि झाकण बसवून गाडी सोडायची. मोठी कंपनी अशा वेळी मागचा अख्खा भागच बदलून टाकत असे, कारण तसा जोडून तयार ठेवण्याची तिची ऐपत असे. खासगी संघाला आहे त्यातच दुरुस्ती बसवावी लागे. लोक त्यांच्यामागे उभे राहतात ते यासाठी, असे माझे ठाम मत आहे. शर्यत पाहणारा मनुष्य या हातांमध्ये स्वतःचे हात पाहतो.

२००६ मध्ये आउडीने डिझेलवर चालणारी आर१० आणली. बारा सिलिंडर, साडेपाच लिटर, दोन टर्बो. डिझेल गाडीने ले मान्स जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. पेस्कारोलोंची गाडी पुन्हा दुसरी आली. त्या वेळी तिच्या चालकांत एरिक एलारी आणि फ्रांक माँतान्यी यांच्याबरोबर रॅलीचा विश्वविजेता सेबास्तियाँ लोएबही होता. अंतर चार फेऱ्यांचे होते, ३८० विरुद्ध ३७६. आता तुम्ही डिझेलमधले जाणकार आहात, तेव्हा हिशोब तुम्हीच पाहा. दोन्ही प्रकारच्या गाड्यांना टाकी ९० लिटरचीच होती, आणि एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जा बरीच अधिक असते. त्यामुळे एका टाकीत डिझेल गाडी अधिक फेऱ्या मारणार हे उघड होते. पेस्कारोलोंनी याबद्दल जाहीर तक्रार केली. पुढच्या वर्षी डिझेल गाड्यांची टाकी ८१ लिटरची करण्यात आली, यावरून त्यांच्या बोलण्यात तथ्य होते असेच मला वाटते. तरीही आउडीच्या अभियंत्यांचे काम थोर होते, हे मान्य करावेच लागेल. तेवढी ताकद सहन करणारा गिअरबॉक्स बनवणे ही साधी गोष्ट नव्हती.

माझा विषय ध्वनी असल्याने मला या दोन गाड्यांतला आवाजाचा फरक फार मोलाचा वाटतो. दहा सिलिंडरी इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला पाच स्फोट होतात. मिनिटाला ८,००० फेरे धरले, तर सेकंदाला सुमारे ६६७ स्फोट होतात, आणि तो सूर कानात सळसळत घुसतो. डिझेल इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आसपास थांबते. त्यात टर्बो आणि धूर गाळणारी जाळी बराच आवाज गिळून टाकतात. आर१० जवळून गेली की वाऱ्याचा आणि टायरचाच आवाज अधिक ऐकू येत असे, असे येथील लोक सांगतात. जुन्या गाड्यांच्या शर्यतींचा सोहळा येथे जुलैमध्ये भरतो. तेथे मी जड इंजिनाची गाडी कुंपणाशी उभी राहून ऐकली. गिअर वर टाकताना सूर क्षणभर तुटतो, पुन्हा खालून उचलला जातो, आणि गाडी ब्रेक लावून गिअर उतरवू लागली की एकेका झटक्यासरशी तोच सूर वर फेकला जातो. आई, तुझ्यासाठी एक गोष्ट खास सांगते. ताशी ३०० किलोमीटरने गाडी आपल्याकडे येऊन पुढे निघून जाते, तेव्हा तिचा सूर जवळजवळ धैवतावरून षड्जावर उतरतो. हे मी गणिताने काढले आहे आणि कानाने पडताळले आहे. मिरजेत तंबोऱ्यांच्या दुकानांसमोर वाढलेल्या मुलीला एवढे ओळखता यायलाच हवे.

२००७ मध्ये स्वतः प्यूजो डिझेल गाडी घेऊन आली. आउडी पहिली, प्यूजो दुसरी आणि पेस्कारोलो तिसरी. पेट्रोलच्या गाड्यांत मात्र तीच पहिली होती. त्यानंतर पैशाची ओढाताण वाढत गेली. २०१० मध्ये संघ दिवाळखोरीत गेला आणि सगळे सामान लिलावात निघाले. ते जाक निकोले आणि जोएल रिव्हिएर या दोघांनी विकत घेतले आणि पेस्कारोलोंना परत दिले. निकोले तर स्वतःच एका प्रतिस्पर्धी संघाचे मालक होते. २०११ मध्ये दक्षिण फ्रान्समधील कास्तले येथील सहा तासांची शर्यत जिंकून संघ परतला. २०१३ मध्ये मात्र तो कायमचा बंद झाला. स्वतःच्या संघाची गाडी ले मान्सला पहिली आलेली पेस्कारोलोंनी कधीच पाहिली नाही. चालक म्हणून चार वेळा जिंकलेल्या माणसाला याचे दुःख किती झाले असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

बाबा, तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मला यातून असे दिसते. खासगी संघ उतरतो तो आपल्या गाडीची नस आपल्याला कंपनीपेक्षा अधिक कळते, या विश्वासावर. २००५ मध्ये तो विश्वास साडेसात मिनिटे सोडल्यास खरा ठरला होता, आणि मला ते बहुतेक विजयांहून मोठे वाटते.

जुलैमधील त्या सोहळ्यात मी केलेले ध्वनिमुद्रण दादाच्या फोनवर पाठवत आहे. ते फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, दादाचे मोठे हेडफोन लावा. मध्यावर एका गाडीचा आवाज जरासा फाटल्यासारखा येतो. येथील माझे सहकारी म्हणतात की सायलेन्सरचा जोड सैल असावा, पण मला एखादा सिलिंडर नीट पेटत नसल्याचा संशय आहे. तुमच्या कानाला काय वाटते ते नक्की कळवा. आईचे गुडघे कसे आहेत तेही लिहा, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती करते की नाही हे तिच्याकडून नको, तुमच्याकडून कळू द्या.

आपली आज्ञाधारक,
मुक्ता