सात अंगांचा नमस्कार

ती. आई आणि ती. बाबा,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतला आणि हसू आलं. आठांतलं एक अंग, उजवा हात, अजून डोक्यावरून पुढे जात नाही. तेव्हा हा सातच अंगांचा समजून घ्या.

फोनवर टाळत होते, कारण "खांदा दुखतोय" म्हटलं की आई पिशवी भरायला लागते. दुखतोय. रात्री जास्त, उजव्या कुशीवर वळले की जागच येते. पण बाबा, तुम्ही जे विचारायचं टाळता त्याचं उत्तर आधी देते: कॅन्सर परत आलेला नाही. धास्ती मलाही तीच होती. तीन आठवडे कुणापाशी बोलले नाही, मग डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, स्कॅन करून घेतला. हाडात काही नाही. खांदा आखडलाय.

काखेतल्या गाठी काढल्या तिथली जखम भरताना आतली कातडी-स्नायू आखूड होतात. त्यात टाके ओढतील म्हणून मी हात पोटाशी धरून, पोक काढून बसायचे. असं महिनाभर चाललं की सांध्याभोवतीचं आवरणच घट्ट होतं म्हणे. वर रेडिएशन, त्याने येणारा कडकपणा तर काही महिन्यांनीही जाणवतो. काखेतून कोपरापर्यंत सुतळी ताणल्यासारखी दिसायची, आई, तू "शीर चढली" म्हणायचीस. ती शीर नव्हती, टणक झालेल्या रसवाहिन्या होत्या. आता ती सुतळी जवळजवळ विरली आहे.

आई, आता हे वाचून रागावू नकोस. ऑपरेशननंतरचे ते सहा आठवडे तू मला हात हलवू दिला नाहीस. पाण्याचा तांब्या हातात, ताटातली भाकरी मोडून. डोक्यावर केस नव्हते म्हणून विंचरायचं तेवढं राहिलं. जखमेतलं पाणी काढणारी नळी होती तोवर हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, ते बरोबर. पण नळी काढल्यावर व्यायामाचा कागद मिळाला, तो तू फ्रीजवर लावलास आणि मला पलंगावर बसवलंस. मीही बसले. चाळिशी उलटल्यावर कुणाला आईच्या हातचा घास मिळतो! पुढे रेडिएशन आठवडाभर लांबलं ना, तू मशीनला नावं ठेवलीस. मशीन ठीक होतं. टेबलावर हात डोक्याकडे करून निजावं लागतं आणि माझा हात तिथवर जात नव्हता. तुला घाबरून सांगितलं नाही.

आता फिजिओथेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा बघतात, बाकी रोज घरी. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चालवायची. जिथे थांबतील तिथे मी पेन्सिलने रेघ मारते, खाली तारीख. बाबा, दाराच्या चौकटीवर तुम्ही आमची उंची मांडायचात ना, तशीच. पाच आठवड्यांत चार बोटं वर गेलेय. कपडे वाळत घालायची काठी दोन्ही हातांत धरून, उताणं निजून, डोक्याकडे न्यायची; डावा हात उजव्याला घेऊन जातो. ओढ लागेपर्यंत न्यायचं, कळ आली की थांबायचं. आधी अर्धा तास डॉक्टरांनी दिलेली गोळी घेते. गोळी वाईट म्हणून दातओठ खात बसणं सोडलं, कारण दुखायला लागलं की मी व्यायामच बुडवते.

निर्गुडीचा पाला पाठवू नकोस. दंडाची आतली बाजू बधिर आहे, तिथे चटका बसला तरी मला कळायचं नाही. आणि गावातल्या त्या हाडं बसवणाऱ्यांकडे तर मुळीच नको. हात सुजला किंवा लाल झाला तर लगेच दाखवायचं, ते मी पाळते. वजन मात्र कायमचं बंद नाही. आत्ता पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली उचलते, पुढे हळूहळू वाढवायचं.

गणपती झाले की तुम्ही याल, तेव्हा बाबा, विहिरीवरची कप्पी आणा. पंप बसल्यापासून पडवीत पडून आहे. इथे झोपाळ्याच्या कडीला टांगेन, त्यावरून दोरी. खाली बसून डाव्या हाताने दोरी ओढली की उजवा आपोआप वर. दुकानात प्लॅस्टिकची मिळते, पण कप्पी असताना कशाला पैसे घालवा? फक्त तेल घालून आणा, नाहीतर कुरकूर ऐकून खालचे लोक वर येतील.

आणि आई, इथे आल्यावर भाकऱ्या मी थापणार. वाकड्या झाल्या तर वाकड्या खायच्या. परातीला हात लावायचा नाही.

तुमची,
मनू