वारस नोंद वाचल्याशिवाय हक्कसोड नको

महोदय,

सिडकोने संपादित जमिनीच्या मोबदल्यात दिलेल्या साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवरून आमच्या नवी मुंबईतील मूळ गावांत भावंडांचे जे वाद चालतात, त्यांपैकी अनेकांचे मूळ इंग्रजी अमदानीतील वारस नोंदींत असते. पण त्या नोंदी काढून वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही, याचे फार वाईट वाटते.

रयतवारीत सरकारला शेतसाऱ्यासाठी एक जबाबदार नाव हवे असे. म्हणून थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’, अर्थात एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लागले आणि धाकटे कागदाबाहेर राहिले. परंतु हा मॅनेजर कारभारी होता, एकटा मालक नव्हे. जुन्या फेरफारात ‘मयत, वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई’ असा मजकूर आढळतो. खाजणातील भातलावणी जिच्या हातची, ती बाई तेथे केवळ अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाची पालनकर्ती (अ.पा.क.) असे, कारण हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा १९३७ चा कायदा येण्यापूर्वी मुलगा असताना तिला पोटगीपलीकडे हक्क नव्हता. उलट, एकत्र कुटुंबातून विभक्त झालेला शेतकरी निपुत्रिक वारला तर विधवेला हयातीपुरता हक्क मिळे आणि तिच्यामागे मुलीकडे आलेली जमीन मुंबई इलाख्यात तिच्या पूर्ण मालकीची होई. हे आज किती जणांना ठाऊक आहे?

म्हणूनच मूळ पुरुष कधी वारला, ही तारीख सर्वांत महत्त्वाची. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होण्यापूर्वीच्या मृत्यूला जुना नियम लागतो, नंतरच्या मृत्यूला नवा. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीची विक्री आणि नोंदणीकृत वाटप त्याने मोडत नाही. असे असताना केवळ ‘सातबाऱ्यावर तुझे नाव नाही’ एवढ्या बोलण्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेणे सरळसरळ अन्याय आहे.

काही जुने फेरफार मोडी लिपीत आहेत आणि आमच्या पिढीला मोडी वाचता येत नाही. तहसील कार्यालयाने मोडी जाणकारांसह गावठाणांत शिबिरे घ्यावीत, आणि हक्कसोडपत्राच्या नोंदणीपूर्वी सही करणाऱ्या बहिणीला मूळ फेरफाराची प्रत वाचून दाखवणे बंधनकारक करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, घणसोली गाव